खेळ विंडोजचे, संगणक लिनक्सचा

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. वर्षभराची वाढीव मुदत सोडली, तर त्यानंतर घरच्या संगणकाला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत हवा. इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीची रायझनच्या २००० मालिकेपासून. म्हणजे २०१७ साली कुणी पैसे साठवून लॅमिंग्टन रोडवरून कोअर आय७ ७७००के आणि जीटीएक्स १०८० टीआय आणून संगणक जुळवला असेल, तर तो यादीबाहेर. त्या संगणकात बिघाड काहीच नाही. ‘द विचर ३’ त्यावर आजही सुरेख चालतो. ज्या सिस्टिमसाठी तो घेतला, तिने मात्र त्याची साथ सोडली आहे.

अशा माणसाला ‘लिनक्सवर जा’ असं सांगणं २०१५ साली बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. आज तसं राहिलेलं नाही. स्टीम या गेमच्या दुकानातले बहुसंख्य गेम, जे केवळ विंडोजसाठी लिहिले गेले, ते आता लिनक्सवर फारशी खटपट न करता सुरू होतात. हे कशामुळे घडलं ते एकदा समजलं, की आपला गेम चालेल की नाही, याचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो. म्हणून आधी ती गोष्ट, मग कृती.

लिनक्सवर गेम कधीच नव्हते असं नाही. लिनस टॉर्वाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, लिहिला आणि १९९४ मध्येच ‘डूम’ त्यावर पोचला. आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलरने तो आणला. १९९८ साली कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. विंडोजवर गाजलेले गेम रीतसर परवाना घेऊन लिनक्ससाठी नव्याने बांधायचे आणि खोक्यात घालून विकायचे, हा तिचा धंदा. माल चांगला होता, गिऱ्हाईक नव्हतं. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद झाली. तिथला प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा याने लिहिलेलं एसडीएल मात्र टिकलं. पडदा, आवाज, कीबोर्ड, गेमपॅड यांच्याशी कुठल्याही सिस्टिमवर एकाच पद्धतीने बोलता यावं यासाठीचं हे सॉफ्टवेअर आज असंख्य गेमच्या पायाशी आहे.

गेम नाहीत म्हणून खेळणारे नाहीत, खेळणारे नाहीत म्हणून गेम नाहीत. हे चक्र मोडायला पैसा आणि चिकाटी दोन्ही असलेला कुणीतरी हवा होता, आणि तो आला विंडोजच्याच घरातून. व्हॉल्व्ह कंपनीचा सहसंस्थापक गेब न्यूएल त्याआधी तेरा वर्षं मायक्रोसॉफ्टमध्ये होता. ‘डूम’ विंडोज ९५ वर आणणाऱ्या गटाचा प्रमुख तोच. विंडोज ही गेम खेळायची जागा आहे हे लोकांच्या मनावर ठसवण्यात त्याचा स्वतःचा वाटा होता. त्याने जुलै २०१२ मध्ये सिएटलच्या एका परिषदेत विंडोज ८ हे पीसीच्या सगळ्या क्षेत्रावरचं संकट असल्याचं जाहीरपणे सांगितलं. विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचं सॉफ्टवेअरचं दुकान आणलं होतं. व्हॉल्व्हचं स्टीम हेही दुकानच, आणि ते सगळं मायक्रोसॉफ्टच्या जागेत थाटलेलं. उद्या जागामालकाने अटी बदलल्या तर जायचं कुठे?

पुढच्याच महिन्यात व्हॉल्व्हने एक आकडा प्रसिद्ध केला. ‘लेफ्ट ४ डेड २’ विंडोज ७ वर सेकंदाला २७०.६ फ्रेम देत होता, त्याच यंत्रावर उबुंटू या लिनक्सवर ३१५. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम रीतसर आलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या स्टीम मशीन दुकानात आल्या, आणि फसल्या. कारण व्हॉल्व्हनेही लोकीचीच वाट धरली होती: प्रत्येक गेम कंपनीने लिनक्सची वेगळी आवृत्ती करावी.

ती अपेक्षा किती अवघड आहे हे पुण्याच्या उदाहरणावरून लक्षात येईल. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा देखणा गेम आणला, आधी निन्टेंडो स्विचवर, मग विंडोज, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. दर नव्या यंत्रामागे वेगळ्या चाचण्या, वेगळ्या तक्रारी, वेगळी दुरुस्ती. मोजक्या माणसांच्या स्टुडिओने एखाद-दुसरा टक्का गिऱ्हाइकांसाठी तेवढंच काम आणखी एकदा करावं, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? मोठ्या कंपन्यांकडे माणसं होती, पण हिशेब तोच होता.

उपाय आधीपासून तयार होत होता, फक्त फार सावकाश. १९९३ साली बॉब अ‍ॅमस्टॅटने वाइन नावाचा प्रकल्प सुरू केला आणि १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर जूलियार या प्रोग्रॅमरने घेतली. ती आजही त्याच्याकडे आहे. वाइनची १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं! एवढा वेळ का लागला ते समजायला वाइन नेमकं काय करतं ते पाहावं लागेल.

विंडोजचा गेम आणि लिनक्सचा गेम, दोन्हींतल्या प्रोसेसरला दिलेल्या सूचना एकाच भाषेत असतात, कारण प्रोसेसर तोच. बेरीज, तुलना, इथून तिथे उडी हे सगळं जसंच्या तसं चालतं. अडतं ते गेमला सिस्टिमकडून काही हवं असेल तिथे. फाइल उघडून दे, मेमरी दे, आवाज वाजव, इतक्या वेळाने उठव. पोस्टाच्या काउंटरवर आपण ठरलेला फॉर्म भरून देतो. आत कोण बसलंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं, पावती ठरल्याप्रमाणे मिळाली की झालं. वाइनने लिनक्सवर तसंच काउंटर उभारलं. फॉर्म तेच, पावती तीच, आतलं काम मात्र लिनक्स करतं. प्रोसेसरची नक्कल करण्याचा खर्च इथे नाही, म्हणून वेगही फारसा घटत नाही.

पण असे फॉर्म हजारो आहेत. कागदोपत्री त्यांचं वर्णन आहे, तरी प्रत्यक्षातलं वागणं पुष्कळदा वेगळं असतं, आणि एखादा गेम नेमका त्या न लिहिलेल्या वागण्यावर, कधी कधी तर विंडोजमधल्या चुकीवर, विसंबलेला असतो. विंडोजचा मूळ कोड बंद. तो फुटून बाहेर आला आणि कुणी पाहिला असेल, तर त्या माणसाला वाइनमध्ये तो भाग लिहायची मुभा नाही. कायद्याची भानगड नको म्हणून हा नियम फार कसोशीने पाळला जातो. मग मार्ग एकच. छोटी छोटी चाचणी लिहायची, ती खऱ्या विंडोजवर चालवायची, काय उत्तर येतं ते टिपायचं आणि वाइनमधून हुबेहूब तेच उत्तर येईपर्यंत झगडायचं. तीस वर्षं जगभरातल्या शेकडो लोकांनी हे केलं. गाजावाजा नसलेलं इतकं चिवट काम संगणकाच्या इतिहासात फार थोडं झालं असेल.

तरीही गेमचं घोडं ग्राफिक्सपाशी अडत होतं. विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्ट३डी मधून बोलतात. वाइन त्याचं ओपनजीएल या दुसऱ्या माध्यमात भाषांतर करायचं, पण दोघांची घडण इतकी वेगळी की निम्मी ताकद जुळवाजुळवीतच खर्च व्हायची. १६ फेब्रुवारी २०१६ रोजी क्रोनोस गटाने व्हल्कन प्रसिद्ध केलं. एएमडीच्या मँटलमधून उगवलेलं हे नवं माध्यम कार्डाच्या खूप जवळ जातं आणि मधली गुपितं ठेवत नाही. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता आणि वाइनमध्ये तो धड दिसत नव्हता. त्याने डायरेक्ट३डी ११ चं थेट व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. एका माणसाचा हा उद्योग बघता बघता इतका सरस ठरला की २०१८ च्या सुरुवातीपासून व्हॉल्व्हने त्याला पगार देऊन तेच काम पुढे चालवायला सांगितलं. डायरेक्ट३डी १२ साठी व्हीकेडी३डी नावाचा दुसरा प्रकल्प आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीचे लहानमोठे तुकडे एकत्र बांधून प्रोटॉन या नावाने स्टीममध्येच बसवले. वाइनचे मुख्य लोक ज्या कंपनीत आहेत ती कोडवीव्हर्स या कामात व्हॉल्व्हची भागीदार होती. पहिल्या दिवशी २७ गेम अधिकृत यादीत होते. वापरणाऱ्याला आता काही जुळवायचं उरलं नाही. गेम विकत घ्यायचा, ‘इन्स्टॉल’ दाबायचं, ‘प्ले’ दाबायचं. आणि गेम बनवणाऱ्याला तर काहीच करायचं उरलं नाही. ‘राजी’च्या स्टुडिओने लिनक्सचं नावही काढायची गरज नाही. जी गोष्ट विनवण्या करून पंधरा-वीस वर्षांत झाली नव्हती, ती विनवण्या थांबवल्यावर झाली, असं माझं मत आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक आलं. हातात धरून खेळायचं हे यंत्र आर्च लिनक्सवर बांधलेल्या स्टीमओएसवर चालतं. आपल्याकडे ते अधिकृतपणे विकलं जात नाही, तरी त्याचा फायदा आपल्या टेबलावरच्या संगणकालाही झाला, कारण डेकसाठी केलेली प्रत्येक दुरुस्ती प्रोटॉनमध्ये येते. त्याच महिन्यात आलेला ‘एल्डन रिंग’ विंडोजवर मधूनमधून झटके खात होता. व्हॉल्व्हच्या लोकांनी व्हीकेडी३डीमध्ये सुधारणा करून तो डेकवर त्याहून सुरळीत चालवून दाखवला. दुसऱ्या कंपनीचा गेम, दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला, आणि इलाज मधल्या दुभाष्याने केला!

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. विंडोजमध्ये प्रोग्रॅमचा एखादा धागा एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट पाहत थांबू शकतो आणि आजचे गेम ही सोय सेकंदाला हजारो वेळा वापरतात. लिनक्समध्ये तिला तंतोतंत पर्याय नव्हता. वाइनला दर खेपेला वेगळ्या प्रोग्रॅमकडे हेलपाटा घालावा लागे. अनेक तात्पुरते उपाय झाले. शेवटी कोडवीव्हर्सच्या एलिझाबेथ फिगुराने एनटीसिंक नावाचा ड्रायव्हर लिहिला आणि मार्च २०२५ मधल्या लिनक्स ६.१४ पासून तो खुद्द कर्नलमध्ये वापरता येऊ लागला. विंडोजच्या गेमच्या सवयीसाठी लिनक्सच्या गाभ्यात जागा करून दिली गेली. वर्षानुवर्षं स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा एक टक्क्याच्या आसपास घुटमळत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला.

आता जे चालत नाही त्याबद्दल, आणि इथे अजिबात हातचं राखून बोलता येणार नाही. ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’ २०२४ पर्यंत चालायचा, आता नाही. ‘फोर्टनाइट’ नाही, ‘पबजी’ नाही, ‘डेस्टिनी २’ नाही, ‘कॉल ऑफ ड्यूटी’चे नवे भाग नाहीत, ‘बॅटलफील्ड ६’ नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीने तो बंद केला. ‘जीटीए ५’ एकट्याने खेळता येतो, त्याचं ऑनलाइन अंग सप्टेंबर २०२४ पासून लिनक्सवाल्यांना बंद आहे. आपल्याकडच्या पोरांची संध्याकाळ मुंबईच्या सर्व्हरवर ‘व्हॅलोरंट’ खेळण्यात जात असेल, तर लिनक्सचं कितीही कौतुक त्यांच्या कामाचं नाही.

यात ग्राफिक्सचा किंवा वाइनच्या उणिवेचा संबंध नाही. हे सगळे गेम फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी, म्हणजे अँटी-चीटपाशी अडतात. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे, नेम आपोआप साधून देणारे प्रोग्रॅम सर्रास विकले जातात, आणि ते लपवण्यासाठी सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, घुसवले जातात. त्यांना शोधायचं तर पहारेकऱ्यालाही तिथेच बसवावं लागतं, असं कंपन्या म्हणतात. ‘व्हॅलोरंट’चं व्हॅनगार्ड संगणक सुरू होतानाच कर्नलमध्ये जाऊन बसतं. वाइनचं काउंटर कर्नलच्या बाहेर आहे. विंडोजच्या कर्नलचा ड्रायव्हर तिथे चालणार नाही, चालूही नये.

यातही एक फरक लक्षात घ्यायला हवा. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रचलित पहारेकऱ्यांनी २०२१ सालीच प्रोटॉनसाठी सोय करून दिली. ती चालू करायची की नाही हे गेमच्या कंपनीने ठरवायचं. काहींनी केली, ‘एल्डन रिंग’ ईझी अँटी-चीटसह लिनक्सवर ऑनलाइन खेळता येतो. काहींनी नाही केली, कारण लिनक्सवर कर्नल कुणालाही बदलता येतो आणि बदललेल्या कर्नलवर पहारेकऱ्याला खोटं सांगता येतं. ही भीती निराधार नाही. शेकडो तास घालून रँक मिळवणाऱ्या खेळाडूला समोर लबाड भेटला तर त्याचा संताप खराच असतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कर्नलमध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरला सगळं दिसतं आणि त्याची एक चूक अख्खा संगणक बंद पाडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, विमानं जमिनीवर राहिली. तेही कर्नलमध्येच बसणारं सॉफ्टवेअर होतं. एका खेळासाठी माझ्या संगणकाच्या गाभ्याची किल्ली कुणाला द्यायची की नाही, हा प्रश्न विचारायचा हक्क खेळणाऱ्याला आहे, आणि ‘देतो’ हे उत्तरही त्याचंच असू शकतं. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ हे व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम कर्नलला हात न लावता लिनक्सवर थेट चालतात. अर्थात ‘काउंटर-स्ट्राइक’ फेसइट या स्पर्धांच्या मंचावर खेळायचा असेल, तर त्यांचं अँटी-चीट पुन्हा विंडोजच मागतं.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी एकच गृहपाठ करावा. गेल्या वर्षभरात जे गेम खरोखर खेळलो त्यांची यादी करायची आणि प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधायचं. तिथे खेळणारेच आपापल्या यंत्राचा तपशील देऊन अनुभव लिहितात. यादी एकट्याने खेळायच्या गेमची असेल, तर बहुतेक नावांपुढे ‘गोल्ड’ किंवा ‘प्लॅटिनम’ दिसेल.

यंत्राबद्दल थोडं. कार्ड एएमडीचं असेल तर काही करायचं नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसा नावाच्या संचात आधीपासून असतो, आणि व्हॉल्व्हचे लोक त्यावर रोज काम करतात. एनव्हिडियाची कहाणी लांबलचक आहे. २०१२ साली टॉर्वाल्ड्सने भर सभेत या कंपनीला अपशब्द वापरले होते, इतकं तेव्हाचं सहकार्य वाईट होतं. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, २०२४ च्या ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरने वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर पडदा लुकलुकण्याचा मोठा त्रास मिटवला, आणि आज नवी कार्डं चांगली चालतात. फक्त डायरेक्ट३डी १२ च्या गेममध्ये विंडोजच्या तुलनेत काही फ्रेम कमी मिळतात. सुरुवातीच्या त्या १०८० टीआयच्या मालकाने मात्र सावध राहावं. डायरेक्ट३डी ११ चे गेम त्याला छान चालतील, १२ चे बरेच मंदावतील, आणि ५८० ही त्याच्या पिढीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे.

एएमडीचं कार्ड असलेला संगणक टीव्हीला जोडून ४के आणि १२० हर्ट्झवर खेळायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. एचडीएमआय २.१ चा खुला ड्रायव्हर एएमडीने तयार केला होता; एचडीएमआय फोरमने २०२४ साली त्याला नकार दिला. मॉनिटरवर डिस्प्लेपोर्टची केबल वापरली की हा प्रश्न येत नाही.

कोणतं लिनक्स घ्यायचं यावर रात्र रात्र वाद चालतात. त्यात पडायचं कारण नाही. जुना संगणक, विंडोजसारखी मांडणी आणि घरातल्या इतरांचाही वापर असेल तर लिनक्स मिंट. नवं कार्ड आणि मुख्य काम गेमच असेल तर बझाइट. बझाइटमध्ये सिस्टिमचा मूळ भाग बदलता येत नाही, अपडेट एकगठ्ठा येतो, आणि बिघडलाच तर संगणक सुरू करताना आधीची आवृत्ती निवडता येते. नवशिक्याला हा फार मोठा दिलासा आहे. डाउनलोड करताना कार्ड एएमडीचं की एनव्हिडियाचं ते नीट निवडावं. कॅचीओएस वेगवान आहे, पण ते थोडं सरावलेल्या हातासाठी.

एक पेन ड्राइव्ह, त्यावर लिनक्सची प्रत, आणि संगणक त्यावरून सुरू करायचा. मिंटमध्ये डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, पडदा, गेमपॅड सगळं तपासता येतं. प्लेस्टेशन ५ च्या गेमपॅडचा ड्रायव्हर तर खुद्द सोनीने कर्नलला दिलेला आहे. रेसिंगचं स्टिअरिंग व्हील किंवा कीबोर्डचे रंगीत दिवे यांचं कंपनीचं सॉफ्टवेअर मात्र बहुधा मिळत नाही. दिव्यांसाठी ओपनआरजीबी आहे, व्हीलचं मॉडेलनुसार पाहावं लागतं.

सुरुवातीला दोन्ही सिस्टिम ठेवाव्यात असं मी आग्रहाने सांगेन, आणि जमल्यास दोन वेगळ्या एसएसडींवर. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. बूटची मांडणी बदलली की विंडोज ही किल्ली मागतं आणि नसली तर डेटा गेला. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं. दोन सिस्टिम ठेवल्या की आपल्याकडे हमखास दिसणारी गंमत म्हणजे लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. संगणकाच्या अंगच्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणाऱ्या एका कमांडने हे मिटतं. आणि विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर आधीच उतरवलेले गेम तिथूनच लिनक्समध्ये चालवायचा मोह टाळावा. काही दिवस चालतात, मग अपडेट अडकतात, गेम उघडेनासे होतात. लिनक्सच्या ड्राइव्हवर पुन्हा उतरवून घेतलेले बरे.

घरातला संगणक एकाच्या मालकीचा क्वचित असतो, याचाही विचार हवा. वडिलांचं टॅली विंडोजचं आहे. आईने वर्षानुवर्षं श्री-लिपीमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत, त्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात. नवं मराठी टायपिंग मात्र लिनक्सवर उत्तम होतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून चालू केला की झालं. टॅली आणि श्री-लिपीसाठी विंडोज राहू द्यावं. एकाच्या खेळासाठी दुसऱ्याचं काम मोडू नये.

लिनक्समध्ये स्टीम बसवलं, आपल्या खात्याने आत शिरलो, की विकत घेतलेले सगळे गेम समोर असतात. एखादा सुरू झाला नाही तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘कंपॅटिबिलिटी’त जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहावी, ‘एक्सपेरिमेंटल’ने पुष्कळदा भागतं. मधल्या चित्रफितीच्या जागी टीव्हीवरच्या चाचणीसारखे रंगीत पट्टे दिसले, तर गेममध्ये दोष नाही. त्या व्हिडिओच्या कोडेकचा परवाना प्रोटॉनकडे नसतो. थॉमस क्रायडर याने हौसेने चालवलेली जीई-प्रोटॉन ही आवृत्ती अशा वेळी उपयोगी पडते. एपिक आणि जीओजीवरच्या गेमसाठी हिरोइक, इतर जुन्या डिस्कवरच्या गेमसाठी लुट्रिस. एक्सबॉक्स गेम पासचे गेम लिनक्सवर उतरवता येत नाहीत, ब्राउझरमधून इंटरनेटवर खेळता येतात तेवढेच.

पहिल्यांदा गेम उघडताना ‘शेडर’ तयार होत असल्याची सूचना येते आणि काही मिनिटं जातात. ती वगळता येते, पण वगळू नये. खेळताना झटके बसू नयेत म्हणूनच ते काम आधी उरकलं जातं.

महिना-दोन महिन्यांनी विंडोजमध्ये जाणं बंद झालं आहे असं लक्षात आलं, तर ते पुसायला हरकत नाही. त्याआधी सेव्ह केलेले खेळ तपासावेत. स्टीम क्लाउडची सोय असलेले आपोआप लिनक्समध्ये आलेले असतात, पण सगळ्या गेमना ती सोय नाही. विंडोजमधल्या ‘डॉक्युमेंट्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ आणि लपलेल्या ‘अ‍ॅपडेटा’ या तीन जागा चाळून त्यांतली गेमच्या नावाची फोल्डरं पेन ड्राइव्हवर घ्यावीत. लिनक्समध्ये प्रोटॉन प्रत्येक गेमला स्वतःचा एक छोटा सी ड्राइव्ह करून देतो. स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये त्या गेमच्या क्रमांकाखाली तो सापडतो, आणि आत ‘स्टीमयूजर’ या नावाच्या वापरकर्त्याखाली तीच ‘डॉक्युमेंट्स’, तीच ‘अ‍ॅपडेटा’ मांडलेली असते. फोल्डर तिथे ठेवायचं, गेम उघडायचा, आणि जुना सेव्ह दिसतोय याची खात्री झाल्यावरच विंडोजचं पार्टिशन पुसायचं.